गोल्फचा स्विंग आणि कर्तेपणाची सीमा

शिकून अंगवळणी पडलेली कृती जेव्हा सर्वांत उत्तम वठते, तेव्हा ती करणाऱ्याला आपण काही विशेष केले असे फारसे जाणवत नाही. मग ती कृती त्याची कोणत्या अर्थाने म्हणावी, हा प्रश्न कर्माचा विचार करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक दर्शनापुढे या ना त्या रूपाने उभा राहिला आहे. गायन, विणकाम, लेखन, शस्त्रविद्या अशा कोणत्याही क्षेत्रातून तो विचारता येतो. परंतु गोल्फ या खेळात तो असाधारण स्पष्टपणे दिसतो, कारण या खेळात चेंडू स्थिर असतो. क्रिकेटमधील फलंदाजाकडे चेंडू चालून येतो आणि त्याचा वेग विचाराला फारसा अवसर ठेवत नाही. गोल्फचा चेंडू मात्र गवतावर निश्चल पडलेला असतो, त्याला केव्हा मारायचे हे खेळाडूलाच ठरवायचे असते, आणि त्या थांबलेल्या काळात इच्छा, शंका, भीती व निश्चय या सर्वांना मनात शिरायला पुरेशी जागा मिळते. त्यामुळे संकल्पापासून फळापर्यंतची कर्माची साखळी येथे सुटी सुटी करून पाहता येते आणि तिच्यात कर्त्याचा अधिकार नेमका कोठपर्यंत पोहोचतो हे तपासता येते. गोल्फ शिकणारे ज्याला ‘बेसिक्स’ म्हणतात ते प्राथमिक शिक्षण म्हणजे या प्रश्नाला कित्येक पिढ्यांच्या खेळाडूंनी, तत्त्वज्ञानाचा आव न आणता, दिलेले उत्तर आहे, असे प्रस्तुत विवेचनात मांडायचे आहे.

या शिक्षणाचे स्वरूप प्रथम पाहणे आवश्यक आहे. लांब दांडा व टोकाला जड, सपाट तोंडाचे डोके असलेली काठी म्हणजे क्लब. तो खांद्यांच्या वळणाबरोबर मागे व वर नेणे म्हणजे बॅकस्विंग, तेथून तो चेंडूकडे खाली आणणे म्हणजे डाउनस्विंग, आणि आघातानंतर तो पुढे वाहून जाणे म्हणजे फॉलो थ्रू. या सर्वांचा मिळून एक स्विंग होतो. अमेरिकन खेळाडू बेन होगन याने हर्बर्ट वॉरेन विंड या लेखकाच्या साहाय्याने लिहिलेले ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक १९५७ साली प्रसिद्ध झाले आणि ते आजही या विषयावरील प्रमाणग्रंथ मानले जाते. त्यातील पाच पाठांपैकी पहिला पाठ पकडीला, म्हणजे ग्रिपला, दिलेला आहे. दुसरा उभे राहण्याच्या रीतीला आणि देहाच्या ठेवणीला. तिसऱ्या व चौथ्या पाठांत प्रत्यक्ष स्विंगचे पूर्वार्ध व उत्तरार्ध येतात, आणि पाचवा पाठ उजळणीचा आहे. ज्या ग्रंथाचा विषय गती हा आहे, त्याने नव्या शिकवणुकीचा निम्मा भाग क्लब हलण्यापूर्वीच्या अवस्थेवर खर्च करावा, ही गोष्ट सहज नजरेआड होण्यासारखी असली तरी तिच्यात एक निश्चित कर्मसिद्धांत दडलेला आहे. पावलांमधील अंतर, कमरेच्या सांध्यातून पुढे झुकणे, पाऊल, कंबर व खांदे यांच्या रेषा लक्ष्यरेषेला समांतर ठेवणे, ड्रायव्हरसारख्या लांब क्लबसाठी चेंडू डाव्या टाचेच्या बाजूला आणि आखूड क्लबसाठी तो जवळजवळ मध्यावर घेणे, ही सगळी कामे स्थिर राहून, सावकाश, पूर्ण जाणिवेने करता येण्याजोगी आहेत. नवशिक्याला प्रथम जे शिकवले जाते ते नेमके एवढेच असते.

यांतही पकडीचे प्रकरण विशेष विचारात घेण्यासारखे आहे. ओपन चॅम्पियनशिप ही स्पर्धा सहा वेळा जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डन याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पकडीत उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीवर चढवलेली असते. काही खेळाडू त्याऐवजी ही दोन बोटे परस्परांत गुंफतात. दोन्ही रीतींचा उद्देश एकच आहे, तो हा की दोन हातांनी आपापल्या इच्छेने वागू नये, त्यांचे मिळून एक साधन व्हावे. होगनने तर उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांच्याविषयी स्पष्ट अविश्वास दाखवला आहे. दैनंदिन व्यवहारात चिमटीने वस्तू उचलणे, पिळणे, फिरवणे अशी बहुतेक नेमकी कामे हीच बोटे करत असल्यामुळे स्विंगमध्येही ती आपण होऊन ताबा घेतात व क्लबचे तोंड वाकडे करतात, म्हणून ही दोन्ही बोटे दांड्यावरून पूर्णपणे सोडून सराव करावा असे तो सुचवतो. (अंगठ्याविना साधना म्हटल्यावर मराठी वाचकाला एकलव्याचे स्मरण होणे अटळ आहे, परंतु तेथे अंगठा मागून घेणाऱ्याचा हेतू विद्या वाढावी हा नव्हता, तेव्हा ते साम्य येथेच सोडलेले बरे.) योग्य पकड नवशिक्याला नेहमी चमत्कारिक आणि दुबळी वाटते. ‘सहज’ वाटणारी पकड ही निसर्गाने दिलेली नसून हातोडी, बॅट, काठी अशा वस्तूंनी आधीच घडवलेली असते, आणि म्हणून शिक्षणाच्या आरंभी सहजतेची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. एका जातीचे संस्कार दुसऱ्या जातीच्या संस्कारांना अडवतात, असे योगसूत्रांत समाधीच्या संदर्भात जे प्रतिपादन आले आहे, त्याचा अगदी ऐहिक प्रत्यय या पहिल्या धड्यात येतो.

आता गतीकडे वळले म्हणजे या स्थिर पूर्वतयारीला एवढे महत्त्व का, ते उलगडते. अलास्टेर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी ब्रिटनमध्ये झालेल्या शास्त्रीय अभ्यासाच्या आधारे १९६८ साली ‘सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातून जे चित्र उभे राहते त्यानुसार कुशल खेळाडूचा डाउनस्विंग साधारण पाव सेकंदात पूर्ण होतो, तर क्लब व चेंडू यांचा प्रत्यक्ष स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोनहजाराव्या भागाएवढाच टिकतो. डोळ्यांनी किंवा स्नायूंनी चूक टिपावी, मेंदूने तिची दखल घ्यावी आणि हाताला नवा आदेश पाठवावा, यासाठी साधारण एकपंचमांश सेकंद जातो. म्हणजे डाउनस्विंग सुरू झाल्यावर लगेच चूक लक्षात आली तरी ती दुरुस्त करण्याला जवळजवळ वेळच उरत नाही. चेंडू बसल्याची जी सुखद जाणीव हातांना होते, ती मेंदूपर्यंत पोहोचते तेव्हा चेंडू क्लबपासून सुटून गेलेला असतो, आणि म्हणून खेळाडूला आपला आघात नेहमी भूतकाळातच भेटतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्या अत्यल्प क्षणात क्लबचे डोके हे जणू दांड्याला जोडलेलेच नाही अशा रीतीने, मोकळ्या फेकलेल्या वस्तूप्रमाणे वागते. त्या क्षणी हातांनी कितीही जोर लावला तरी तो दांड्यातून खाली उतरून चेंडूवर परिणाम करण्याआधीच सारे संपलेले असते. चेंडू ज्या क्षणी मारला जातो त्या क्षणी मारणारा तेथे, काटेकोर अर्थाने, काहीही करत नसतो.

हे विधान आधुनिक मोजमापांतून निघाले असले, तरी त्याची तात्त्विक मांडणी भारतीय परंपरेत फार पूर्वी झालेली आहे, आणि ती ज्या ग्रंथात सापडते तो ग्रंथ अध्यात्माच्या चर्चेत क्वचितच उघडला जातो. कणादाच्या वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायाचा विषय कर्म हा असून तेथे कर्म म्हणजे पापपुण्याचे कारण नव्हे, तर निव्वळ हालचाल असा अर्थ घेतलेला आहे. सूत्रकाराने उदाहरण निवडले आहे ते उखळात मुसळाने कांडण्याचे. हात वर जातो तो आत्म्याच्या संयोगामुळे आणि प्रयत्नामुळे. त्या हाताच्या संयोगामुळे मुसळ वर जाते. परंतु मुसळ उखळावर आदळून जेव्हा उसळते, तेव्हा त्या उसळण्याचे कारण हाताचा संयोग हे नव्हे, तर आघात हे होय, असा निर्णय तेथे दिलेला आहे. सूत्रकार याही पुढे एक पाऊल जातो. उसळणाऱ्या मुसळाबरोबर हातही वर उचलला जातो, आणि हाताची ही हालचाल आत्म्याच्या प्रयत्नातून आलेली नसून मुसळाच्या संयोगातून आलेली असते. म्हणजे देहाचाच एक अवयव हलतो आहे, बाहेरून पाहणाऱ्याला तो माणूस हात हलवतो आहे असेच दिसते, आणि तरीही त्या हालचालीपुरता तो कर्ता नाही. गोल्फमधील फॉलो थ्रूचे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे. नवशिका हात मुद्दाम पुढे फेकून छायाचित्रातल्यासारखी अखेरची मुद्रा साधू पाहतो, तर जाणत्या शिक्षकाला ठाऊक असते की ती मुद्रा करायची नसते, क्लबने हातांना तेथे नेऊन सोडायचे असते.

वैशेषिकांनी गतिकारक संयोगाचे दोन प्रकार मानले आहेत: ज्यात ढकलणारे व ढकलले जाणारे एकत्रच राहतात तो नोदन, आणि ज्यात ते आदळून परस्परांपासून दूर होतात तो अभिघात. हात आणि क्लब यांचा संबंध पहिल्या प्रकारचा, क्लब आणि चेंडू यांचा दुसऱ्या प्रकारचा होय. साधारणपणे सहाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या प्रशस्तपादाने या दर्शनाची व्यवस्थित मांडणी करताना संस्कार नावाच्या गुणाचे तीन भेद सांगितले आहेत. सुटलेल्या बाणाला पुढे नेत राहतो तो वेग; वाकवलेले धनुष्य किंवा फांदी ज्याच्यामुळे मूळ आकारावर येते तो स्थितिस्थापक; आणि अनुभवामुळे आत्म्यावर उमटून पुढे स्मृतीला कारण होतो तो भावना. हे तिन्ही एकाच नावाखाली का आणले, याविषयी टीकाकारांत बराच खल झालेला आहे, परंतु गोल्फच्या एका फटक्यात ते तिन्ही एकत्र दिसतात: आघाताने चपटा झालेला चेंडू पुन्हा गोल होताना उसळतो तो स्थितिस्थापकाने, हवेतून जातो तो वेगाने, आणि ज्या देहाने क्लब फिरवला तो देह तसा फिरतो तो भावनेने. तिघांमध्ये समान काय, तर पूर्वी घडलेले काही तरी करणारा दूर झाल्यावरही कार्य करत राहते. आजच्या यांत्रिकीच्या कसोटीवर वैशेषिकांचे हे भौतिकशास्त्र टिकत नाही, आणि चेंडूच्या फिरकीने व त्यावरील खळग्यांनी हवेत निर्माण होणारी उचल तर त्यांच्या कल्पनेतही नव्हती. परंतु प्रयत्न कोठे थांबतो आणि त्याचा ठसा कोठून पुढे काम करू लागतो, ही सीमा आखण्यात त्यांनी दाखवलेली बारकाई नंतरच्या मोक्षपर विवेचनांत क्वचितच आढळते. शिवाय भावना कशाने दृढ होते हे सांगताना प्रशस्तपादाने प्रत्ययाची तीव्रता, अभ्यास आणि आदर ही तीन कारणे दिली आहेत, आणि अभ्यासाच्या उदाहरणांत विद्या व शिल्प यांच्याबरोबर व्यायामाचाही उल्लेख केला आहे. देहाने शिकणे हे मनाने शिकण्याहून हलक्या प्रतीचे आहे, असा भेद तेथे केलेला दिसत नाही.

प्रयत्नाचेही या परंपरेत दोन प्रकार आहेत. झोपेतही श्वास चालू ठेवणारा तो जीवनपूर्वक प्रयत्न, आणि काही हवे किंवा नको वाटल्यामुळे होणारा तो इच्छाद्वेषपूर्वक प्रयत्न. दुसऱ्या प्रकारात इच्छेच्या शेजारी द्वेषाला दिलेले समान स्थान गोल्फच्या मैदानावर फार अर्थपूर्ण ठरते. समोर पाण्याचे तळे असले की खेळाडूचा स्विंग चेंडू हिरवळीवर जावा या इच्छेतून न निघता तो पाण्यात जाऊ नये या द्वेषातून निघतो, आणि बाहेरून दोन्ही हेतू सारखेच दिसत असले तरी दुसऱ्यात स्नायू आखडतात. फळाची ओढ थेट देहाच्या हालचालीत उतरली म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे तर प्रत्येक शिक्षकाच्या रोजच्या पाहण्यातील आहेत. चेंडू वर उडावा म्हणून नवशिका त्याला खालून उचलू पाहतो. वस्तुतः क्लबचे तोंड मुळातच मागे कललेले असल्यामुळे क्लब खालच्या दिशेने येत चेंडूवर बसला की चेंडू आपोआप वर जातो, आणि उचलू पाहणाऱ्याचा क्लब मात्र चेंडूच्या माथ्याला लागून तो जमिनीवरून घरंगळत जातो. तसेच ज्याचा चेंडू उजवीकडे वळून जातो, ज्याला स्लाइस म्हणतात, तो खेळाडू उपाय म्हणून अधिकाधिक डावीकडे नेम धरू लागतो. त्यामुळे क्लब बाहेरून आत असा आणखी तिरका येतो आणि चेंडू पूर्वीपेक्षाही अधिक उजवीकडे वळतो. फलासक्तीचा निषेध हा सामान्यतः नैतिक उपदेश समजला जातो. येथे तो कार्यकारणभावाचा साधा नियम म्हणून समोर येतो, कारण फळावर थेट हात टाकू पाहणारा प्रयत्न ते फळ देणाऱ्या कारणसामग्रीलाच बिघडवतो.

गोल्फ आणि गीता यांचा संबंध जोडण्याचा उद्योग यापूर्वी झालेला आहे, आणि तो पाश्चात्त्य लेखकांनी केलेला आहे. कॅलिफोर्नियातील एसालेन या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेला मायकेल मर्फी १९५६-५७ मध्ये पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमात राहिला होता. त्याच्या १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गोल्फ इन द किंग्डम’ या पुस्तकात भारताकडे निघालेला एक तरुण वाटेत स्कॉटलंडमध्ये थांबतो आणि तेथे शिवास आयर्न्स नावाच्या गूढवादी गोल्फशिक्षकाकडून त्याला जे मिळते ते आश्रमात मिळणाऱ्या विद्येच्या जातीचे असते. स्टीव्हन प्रेसफिल्डची १९९५ सालची ‘द लेजंड ऑफ बॅगर व्हान्स’ ही कादंबरी तर उघडपणे भगवद्गीतेच्या आराखड्यावर रचलेली आहे, तिच्यात आर. जुना हा युद्धाने खचलेला खेळाडू म्हणजे अर्जुन, आणि त्याचे क्लब वाहणारा बॅगर व्हान्स म्हणजे भगवान, अशी नावांपासूनच योजना आहे. या पुस्तकांमागील भावना प्रामाणिक आहे, आणि क्लब वाहणाऱ्या कॅडीच्या ठिकाणी सारथी पाहणे ही कल्पना तर खरोखर सुंदर आहे. तथापि त्यांतून वाचकांत पसरलेली एक समजूत घातक आहे, ती ही की प्रत्येकाच्या आत एक अस्सल स्विंग आधीपासूनच वसलेला असून मन बाजूला सारले, अहंकार गळाला, की तो आपण होऊन प्रकट होतो. गीतेचा श्रोता कोण आहे, याचा येथे विसर पडलेला दिसतो. कुरुक्षेत्रावर रथात बसलेला अर्जुन द्रोणाच्या हाताखाली वर्षानुवर्षे शिकलेला धनुर्धर आहे; त्याची विद्या पूर्ण आहे आणि मोडला आहे तो त्याचा निश्चय. अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, विविध करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि दैव, या पाचांत केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला अज्ञ ठरवले आहे, पण म्हणून कर्त्याला यादीतून वगळलेले नाही. ज्याच्या देहात भावनेचा संस्कार अजून पडलेलाच नाही, त्याने मन बाजूला सारले तर उरते ती फक्त जुनी, हातोडी धरणारी सवय.

मानसशास्त्रातील काही प्रयोगांनी हा भेद चांगला पुढे आणला आहे. सायन बायलॉक व टॉमस कार यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चेंडू हलकेच ढकलून खळग्यात घालण्याच्या कौशल्याची, म्हणजे पटिंगची, पाहणी केली. नुकत्याच मारलेल्या चेंडूच्या वेळी काय काय केले हे विचारले असता कुशल खेळाडूंना नवशिक्यांपेक्षा कमी आठवत होते; परंतु त्यांच्या हाती वाकड्यातिकड्या आकाराचा अपरिचित पटर दिल्यावर ही विस्मृती नाहीशी झाली. याच धाटणीच्या पुढील प्रयोगांत असे दिसले की स्वतःच्या हालचालीवर लक्ष ठेवायला सांगितल्याने कुशल खेळाडूची कामगिरी ढासळते, तर नवशिक्याला त्याच गोष्टीचा उपयोग होतो. म्हणजे ‘विचार करू नये’ हा उपदेश खोटा नाही, तो अधिकारभेदाने खरा आहे. गाब्रिएले वुल्फ हिच्या प्रयोगांनी या चित्रात एक उपयुक्त गुंतागुंत आणली: नवशिक्यांनाही लक्ष आपल्या बाहूंवर ठेवण्याऐवजी क्लबच्या हालचालीवर ठेवायला सांगितले तर ते अधिक चांगले शिकतात. लक्ष हवेच, पण ते अधिष्ठानावर नको, करणावर हवे, असे गीतेच्या परिभाषेत म्हणता येईल. अर्नेस्ट जोन्स या इंग्रज शिक्षकाने हे प्रयोगांच्या कित्येक दशके आधी ओळखले होते. पहिल्या महायुद्धात उजवा पाय गुडघ्याखाली गमावल्यावर परत मैदानात येऊन त्याने पाहिले की ज्या पायांच्या कामाविषयी पुस्तकांत पाने भरली होती त्यांपैकी एक नसतानाही चेंडू चांगला मारता येतो. त्यावरून क्लबच्या टोकाचा झुलता भार हातांना जाणवत राहणे हीच एकमेव मूलभूत गोष्ट आहे, असा सिद्धांत त्याने मांडला आणि रुमालाच्या टोकाला चाकू बांधून तो झुलवून दाखवत आयुष्यभर शिकवला. रुमालाला ढकलता येत नाही, त्याला फक्त झुलवता येते, एवढे कळले तरी पुरेसे होते.

मात्र सिद्धहस्त माणसाचे कर्म हे पूर्णपणे विचारशून्य असते, हा निष्कर्षही घाईचा ठरेल. अमेरिकन तत्त्वज्ञ बार्बरा मोंतेरो हिने २०१६ सालच्या आपल्या ग्रंथात असा युक्तिवाद केला आहे की खरे तज्ज्ञ कृती करतानाही विचार करतात, आणि विचारच त्यांना सामान्य सवयीच्या पातळीवर थांबू देत नाही. होगनचे चरित्र या बाजूचा पुरावा आहे. तो १९३० च्या सुमारास व्यावसायिक झाला, पण चेंडू एकदम डावीकडे वळण्याच्या दोषाने त्याला इतके ग्रासले होते की वैयक्तिक स्पर्धेतील त्याचे पहिले यश १९४० सालचे आहे. पुढेही त्याने आपली पकड पुन्हा सोडवून नव्याने बांधली, म्हणजे दृढ झालेला संस्कार जाणूनबुजून मोडला आणि काही काळ नवशिक्याचा अवघडलेपणा पत्करला. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्याच्या मोटारीला बसने समोरून धडक दिली, तो पुन्हा चालेल की नाही याचीच शंका होती, आणि १९५० च्या जूनमध्ये त्याने यूएस ओपन जिंकली; बदललेल्या देहात तोच स्विंग पुन्हा बसवणे हे विचारावाचून घडले असे मानता येत नाही. तेव्हा विचार आणि सहजता यांचा कलह मूल्याचा नसून काळाचा आहे: विचाराचे स्थान सरावात, पकडीत, उभे राहण्यात आणि नेमात, डाउनस्विंगच्या त्या पाव सेकंदात त्याला काम नाही.

या मांडणीची खरी परीक्षा ‘यिप्स’ नावाच्या व्याधीत होते. अनेक वर्षे उत्तम खेळलेल्या खेळाडूचे हात अगदी छोटा पट मारताना अचानक झटका देतात किंवा मुळीच हलत नाहीत. उत्तरायुष्यात होगनही चेंडूवर वाकून गोठल्यासारखा उभा राहत असे. येथे भावनेचा संस्कार आहे, इच्छा आहे, देह धडधाकट आहे, आणि तरीही कर्म घडत नाही किंवा भलतेच घडते. काही वैद्यकीय अभ्यासक याचे मूळ मज्जासंस्थेतील विकारात पाहतात, काही चिंतेत. वैशेषिकांच्या दोन प्रयत्नप्रकारांत मात्र हा झटका कोठेच बसत नाही, कारण तो श्वासासारखा जीवनपूर्वकही नाही आणि कोणाला हवाही नाही. मास्टर्स ही स्पर्धा १९८५ व १९९३ साली जिंकणारा जर्मन खेळाडू बर्नहार्ड लँगर याला या व्याधीने पुन्हा पुन्हा गाठले, आणि त्याने शोधलेल्या उपायांपैकी सर्वांत प्रसिद्ध उपाय असा होता की पटरचा दांडा डाव्या बाहूला टेकवून उजव्या हाताने दांडा व बाहू एकत्रच आवळून धरायचे. झटका येऊ नये असे हाताला सांगून उपयोग नव्हता. बदलता आली ती पकड.

उरतो तो जबाबदारीचा प्रश्न. आघाताच्या क्षणी कर्ता तेथे नसेल, तर फटका त्याच्या नावावर का लिहायचा? गोल्फच्या नियमांनी याचे उत्तर व्याख्येतच देऊन ठेवले आहे. चेंडू मारण्यासाठी क्लब पुढे नेणे म्हणजे फटका. त्यामुळे मारण्याच्या हेतूने फिरवलेला क्लब चेंडूला न लागता हवेतून गेला तरी तो फटका मोजला जातो, सरावासाठी फिरवलेला क्लब चुकून चेंडूला लागला तर तो फटका होत नाही, आणि डाउनस्विंग सुरू झाल्यावर खेळाडूने निर्धाराने क्लब चेंडूपूर्वी थांबवला तर काहीच घडले नाही असे धरले जाते. चेतना हेच कर्म, या बौद्ध भूमिकेशी हे फार जवळचे आहे. परंतु हेच नियम दुसऱ्या बाजूने हेतूची पर्वा न करता दंडही लावतात. १९२५ साली वूस्टर येथील यूएस ओपनमध्ये पहिल्याच फेरीत अकराव्या खळग्याजवळ बॉबी जोन्स उंच गवतात फटक्यासाठी उभा राहत असता त्याच्या क्लबने गवत हलले आणि चेंडू किंचित सरकला. ते इतर कोणाच्याही दृष्टीस पडले नव्हते, तरी त्याने स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. अखेरीस विली मॅक्फार्लेन आणि तो बरोबरीत राहिले, निर्णायक सामन्याची पहिली फेरीही बरोबरीत सुटली, आणि दुसऱ्या फेरीत जोन्स एका फटक्याने हरला. त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक झाले तेव्हा ते त्याने झिडकारले. त्याची भूमिका समजण्यासारखी आहे: चेंडू हलवण्याची इच्छा त्याला नव्हती, तसा प्रयत्नही नव्हता, पण क्लब त्याने आणला होता, पाय त्याने रोवले होते, आणि पूर्वतयारी ही जर कर्त्याची खरी भूमी असेल तर तेथे जे घडते त्याची नोंद त्याच्याच नावावर होणे न्याय्य आहे. २०१९ पासून नियम सैल झाले, आणि खळग्याभोवतीच्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू अनवधानाने हलला तर आता दंड होत नाही. जोन्सचा चेंडू ग्रीनवर नव्हता, बाहेर उंच गवतात होता. त्यामुळे तो दंड त्याला आजच्या नियमांनुसारही लागला असता.